छापलेला डाग

गेल्या वर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनाचं निमित्त साधून, आमच्या ऑफिसात 'टाकाऊतून कला' अशी कार्यशाळा झाली. कॅफेटेरियातली टेबलं जोडून लांब रांग केलेली, प्रत्येक खुर्चीसमोर एक डबा, डब्यावर ताणून बसवलेलं प्लॅस्टिक. मिक्स्ड मीडिया कोलाज शिकवायला एक ताई बाहेरून आल्या होत्या. "कचऱ्यात सौंदर्य शोधा," त्या माईकवर म्हणाल्या आणि चाळीस जणांनी एकाच वेळी चाळीस डब्यांवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

आत 'जुनी' पत्रं होती. 'जुनी' रेल्वेची तिकिटं, कुठल्याशा फ्रेंच औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, पियानोच्या नोटेशनचं पिवळं पान, पातळ लाकडातून लेसरनं कापलेली घड्याळाची चाकं आणि गंजाच्या रंगाची ॲक्रिलिकची एक बाटली. सगळं कोरं करकरीत. मी एक पत्र उचललं. त्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग होता. बोट फिरवलं तर कागद सपाट. भिजून वाळलेला कागद असा सपाट राहत नाही. त्याला लाटा येतात, डागाच्या कडेला मळाची गडद रेघ बसते आणि ती बोटाला लागते. शेजारच्या मुलाच्या डब्यातलं पत्र बघितलं. तोच डाग, त्याच कोपऱ्यात.

डाग छापलेला होता.

कार्यशाळा संपल्यावर हाउसकीपिंगच्या मावशी ती सगळी प्लॅस्टिकं आणि उरलेले तुकडे काळ्या पिशवीत भरत होत्या. त्याच मजल्यावर, स्टोअररूमच्या दाराशी, त्या आठवड्यात आलेल्या मॉनिटरचे पुठ्ठ्याचे खोके छताला टेकतील इतके रचले होते. मी ॲडमिनच्या मुलाला विचारलं, हे का नाही वापरलं? तो म्हणाला, "मॅम, तो तर कचरा आहे ना."

मी त्याच्यावर हसले नाही. त्यानं अगदी खरं उत्तर दिलं होतं. पण राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. हा लेख त्या रागातूनच लिहितेय, त्यामुळे दोन्ही बाजू तोलून मांडलेल्या सापडतील अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा ह्यात काय संबंध, ते आधी सांगते. सांगलीत गावभागात माझ्या पप्पांचं रद्दीचं दुकान आहे. त्या दुकानावर मी इंजिनिअर झाले. बारावीपर्यंतचा माझा अभ्यास काट्यामागच्या गठ्ठ्यांवर बसून झालाय. दुकानात 'टाकाऊ' हा शब्द मी कधीच ऐकला नाही. तिथे असतो तो माल. पेपरचा माल वेगळा, वही-पुस्तकांचा वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा आणि प्रत्येकाचा भावही वेगळा. गुळगुळीत मासिकं वजनाला भरतात, पण त्या गुळगुळीतपणात कागदापेक्षा मातीच जास्त असते, म्हणून मिलवाले नाक मुरडतात. स्वच्छ, न चुरगळलेले पेपर पुडे बांधणाऱ्यांकडे जातात. पुठ्ठा मिलला जातो. बरी पुस्तकं जुनी पुस्तकं विकणारा निवडून नेतो. आणि एक ढीग विकला जात नाही. गल्ल्याखालच्या खणात तो साठतो. चुकून रद्दीत आलेल्या मार्कलिस्ट, पासबुकं, पत्रिका, लग्नातले फोटो, कुणाच्या तरी पेन्शनचे कागद. पप्पा त्यावर पत्ता किंवा फोन नंबर शोधतात आणि कळवतात. कुणी नेतं, कुणी नेत नाही. न नेलेले कागद पप्पा वर्षानुवर्षं ठेवतात. का, ते मी कधी विचारलं नाही.

तर 'टाकाऊ' हा शब्द टाकणाऱ्याच्या घरातला आहे. वस्तू त्याच्या दारातून बाहेर पडली की त्याच्यापुरती ती संपली. पण तिथून पुढे ती कुणीतरी उचलते, निवडते, पाठीवर घेते, मोजून देते. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी आणि भंगार गोळा करणाऱ्यांनी संघटना उभी केली, तिचं नाव आहे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. ह्या नावात 'कचरा' शब्द नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

शाळेत आमच्याकडे 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा असायची. तुमच्याकडेही असणार. आदल्या संध्याकाळी वर्गातली निम्मी मुलं आईबाबांना घेऊन आमच्या दुकानात पुठ्ठा मागायला यायची आणि पप्पा फुकट द्यायचे. बाकीची निम्मी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन आइस्क्रीमच्या नव्या काड्या, नवे कागदी कप आणि चमकी आणायची. बक्षीस ह्या दुसऱ्या निम्म्यांना. एका वर्षी मी मासिकांच्या गुंडाळ्या करून पेनस्टँड केला होता. बाईंनी तो हातात घेऊन विचारलं, "घरच्याच मालातलं दिसतंय?" वर्ग हसला. त्यांना तसं काही म्हणायचं नसेल. पण त्या वयात मला नेमकं एवढंच कळलं, की टाकाऊ वस्तू नवीन विकत आणली तर ती कला होते आणि खरोखरची टाकाऊ आणली तर ती तुमची परिस्थिती होते.

ऑफिसातला डबा हे त्याच स्पर्धेचं मोठं झालेलं रूप आहे. इन्स्टाग्रामवर 'जंक जर्नल' शोधून बघा. हजारो मुली (मुलं कमी, पण आहेत) सुंदर वह्या करतात. त्यातल्या कितीतरी व्हिडिओंची सुरुवात पार्सल उघडण्यापासून होते. 'विंटेज' कागदांची पाकिटं, जुन्या दिसणाऱ्या तिकिटांचे स्टिकर, मेणाची मोहोर उठवायचा संच. जंक विकत आणायचं! माझ्या पप्पांना हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "किलोला काय भाव?" मी पाकिटाच्या किमतीवरून हिशोब करून सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

पैशाचं सोडा. मला टोचतं ते वेगळंच. त्या डब्यातल्या कागदांना भूतकाळ नाही, पण भूतकाळाचा आव आहे. आणि तो आव नेहमी युरोपचा असतो. पॅरिसचं औषधांचं दुकान, लंडनचं टपाल, कुठलंतरी हॉटेल. आमच्या ऑफिसातल्या चाळीसपैकी एकाचीही आजी पियानो वाजवत नव्हती. मग आपल्या कोलाजमध्ये तिच्या थायरॉइडच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं का येत नाहीत? गॅसच्या कार्डाचं कव्हर, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, कोचिंग क्लासचा हँडबिल, पंचांगाची फाटलेली पानं, कुरिअरच्या पाकिटावरचं आपल्याच नावाचं लेबल? कारण ते बघून आपण कोण आहोत ते दिसतं. आपला पसारा आपल्याला फोटो काढण्याजोगा वाटत नाही. परक्याचा, तोही न घडलेला, भूतकाळ चिकटवणं सोपं जातं.

माझी एक मैत्रीण अशी जर्नल्स करते. हे सगळं मी तिला बोलून दाखवलं आहे, त्यामुळे तिच्या पाठीमागे लिहितेय असं नाही. तिचं म्हणणं असं : सगळ्यांच्या बापाचं रद्दीचं दुकान नसतं. दिवसभर मीटिंग झाल्यावर रात्री एक तास फोन बाजूला ठेवून माणूस कात्री आणि गोंद घेऊन बसतो, त्यात वाईट काय? कागद जुना की जुना दिसणारा, ह्यानं डोक्याला मिळणाऱ्या शांततेत काय फरक पडतो?

शांततेत फरक पडत नाही, हे मी मान्य करते. मग त्याला शांतता म्हणा. 'पुनर्वापर' म्हणू नका. पुन्हा वापरायला आधी एकदा वापर व्हावा लागतो.

ती हुशार आहे. तिनं दुसरा मुद्दा काढला आणि तो मला महिनाभर पुरला. म्हणाली, तुझ्या कोलाजची सुरुवातच नकलेनं झालीये. हे खरं आहे. १९१२ मध्ये पिकासोनं एका चित्रावर वेताच्या खुर्चीची जाळी चिकटवली, कडेनं दोर गुंडाळला आणि आधुनिक कलेत कोलाज आलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण ती जाळी वेताची नव्हतीच. ते मेणकापड होतं, त्यावर वेताच्या विणीचं चित्र छापलेलं होतं. म्हणजे छापलेला डागच की!

महिनाभरानं मला जे उत्तर सुचलं ते असं. ते मेणकापड खरंच मेणकापड होतं. साध्या घरात स्वस्तात मिळतं तसलं. वेत परवडत नाही म्हणून वेताचं चित्र वापरणाऱ्यांचं ते खरंखुरं सामान होतं आणि पिकासोनं ते तसंच उचललं. त्याच्यासाठी कुठल्या कारखान्यात 'कोलाजकारांसाठी खास जुनाट मेणकापड' तयार होत नव्हतं. आमच्या डब्यातलं पत्र कुणालाच पत्र म्हणून कधी लागलं नाही. ते थेट कोलाजसाठी जन्मलं. तिला हे पटलं की नाही माहीत नाही. पुढच्या महिन्यात तिनं मला तिच्या वडिलांच्या जुन्या एसटी तिकिटांचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

ह्या तिकिटांवरून आठवलं. कुर्ट श्विटर्स नावाचा जर्मन कलाकार होता, हॅनोव्हरचा. पहिल्या महायुद्धानंतर त्यानं रस्त्यावर पडलेलं सामान चिकटवायला सुरुवात केली. ट्रामची तिकिटं, वेष्टणं, दोऱ्या, लाकडाचे तुकडे. आपल्या कामाला त्यानं 'मेर्त्स' हे नाव दिलं, तेही एका बँकेच्या छापील नावातल्या 'कोमर्त्स' ह्या शब्दाचा पुढचा भाग कापून उरलेलं. शंभर वर्षं झाली, ती तिकिटं अजून वाचता येतात. आपल्याकडे कंडक्टर पंच करून द्यायचे ती रंगीत तिकिटंही टिकतात. मशिनमधून येणारं तिकीट थर्मल कागदाचं. त्यात शाई नसतेच, उष्णतेनं कागदावरचा थर काळा होतो. दोन उन्हाळे गेले की अक्षरं उडतात. माझ्या एका कोलाजमध्ये पुणे-सांगली प्रवासाची एकोणीस तिकिटं आहेत. आता ते एकोणीस कोरे आयत आहेत. लोक विचारतात, हे मिनिमलिस्ट आहे का?

इथे गोधडी येणार हे तुम्ही ओळखलंच असेल. मराठीत ह्या विषयावर लिहिताना ती चुकवता येत नाही. पण मी अलाबामातली सांगते, कारण आपल्या गोधडीवर आपण इतकं हळवं बोललोय की ती दिसेनाशी झालीये. जीज बेंड नावाची काळ्या शेतकरी-मजुरांची वस्ती. तिथे १९४२ मध्ये मिझूरी पेटवे ह्या बाईंनी नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण म्हणून आणि अंगावर घ्यायला. आज ती कलावस्तू म्हणून ओळखली जाते. त्यातले विटलेले चौकोन डिझाइन म्हणून विटवलेले नाहीत. तो माणूस शेतात राबत होता आणि कापड त्याच्याबरोबर झिजत होतं, एवढंच आहे ते.

एवढं सगळं बोलून झाल्यावर आता माझं.

ऑगस्ट २०१९. इंजिनिअरिंग संपवून मी जॉइनिंगच्या मेलची वाट पाहत घरी होते. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत गेलं. आम्ही विश्रामबागेत मावशीकडे होतो. पाणी उतरल्यावर दुकान उघडायला गेलो तर शटर वर जाईना, आतले गठ्ठे पाणी पिऊन फुगले होते आणि त्यांनी शटर आतून दाबून धरलं होतं. सुतळ्या तुटलेल्या. कागदाचा लगदा, त्यावर गाळ आणि तो वास. ओला माल मिल घेत नाही. सगळा डंपरमध्ये भरला. आयुष्यात पहिल्यांदा मी पप्पांना माल टाकताना पाहिलं.

उचलीची वही तेवढी वाचली. आमच्या धंद्यात फेरीवाले आणि वेचणाऱ्या बायका सकाळी दुकानातून थोडे पैसे उचल घेतात, दिवसभर माल गोळा करतात, संध्याकाळी माल घालून उचल फेडतात. कधी फिटते, कधी राहते. ते सगळं त्या वहीत. पानं एकमेकांना चिकटली होती. गच्चीवर बसून मी ती स्टीलच्या पट्टीनं एकेक सोडवली, वाळवली. प्रत्येक पानावर पाणी कुठवर आलं त्याची तपकिरी रेघ होती, बोटाला लागणारी. पप्पा म्हणाले, आता नवी वही करतो, ही ठेव तुला हवी तर. माझं पहिलं खरं कोलाज त्या पानांचं झालं. प्लायवूडवर वहीची पानं, शटरचा गंजलेला पत्रा, तुटलेली सुतळी आणि खाली गाळाचा थर. पानं मी खळीनं चिकटवली, मोरचूद घालून, बाइंडर लोक करतात तशी.

२०२३ मध्ये ते पुण्यात एका कॅफेच्या भिंतीवर महिनाभर लागलं. लोक थांबून बघायचे. इंग्रजीत लिहिलेल्या पाटीवर मी 'स्मृती' आणि 'जलरेषा' वगैरे शब्द वापरले होते. पप्पा बघायला आले. सगळे दोन पावलं मागे उभे राहून बघत होते. पप्पा अगदी जवळ गेले, चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला लागले. वरून खाली, आकड्यांसकट. मग मला हळूच बोलावून एका ओळीवर बोट ठेवलं.

"हिला विचारलंस?"

"काय विचारायचं?"

"तिची उचल इथं भिंतीवर लावलीस ते."

मी काहीतरी बोलले. पुण्यात तिला कोण ओळखतंय, आडनाव नाही, अक्षरं पुसट झालीयेत. पप्पा म्हणाले, "मला वाचता येतंय की." आणि ते कॉफी न घेताच निघाले, गाडीची वेळ झाली म्हणून.

मी ज्या कंपनीत काम करते तिथे दुसऱ्याच्या कोडच्या चार ओळी वापरायच्या तरी त्याचं लायसन्स तपासावं लागतं, मूळ लिहिणाऱ्याचं नाव फाइलमध्ये ठेवावं लागतं. त्यात कधी हयगय झालेली मला चालत नाही. आणि इथे मी एका बाईचं कर्ज कलर पॅलेट म्हणून वापरलं होतं. छापलेल्या डागाबद्दल मी जेवढं बोलले त्यातला शब्दही मागे घेत नाही. पण खोटा कागद निदान कुणाचा नसतो. खरा कागद वापरायचा म्हणजे तो कुणाचा तरी असतो आणि गल्ल्याखालचा तो खण कशासाठी आहे हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. आता मी पप्पांच्या दुकानातून कागद उचलताना आधी वाचते. पत्र असेल तर ठेवून देते, कितीही सुंदर अक्षर असलं तरी.

ते कोलाज मी भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळून सांगलीला नेलं. ती बाई अजून दुकानात येते. संध्याकाळी आली तेव्हा मी बोर्ड तिच्यापुढे धरला आणि तिचं नाव कुठे आहे ते दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, किती लिहिलेत? मी सांगितलं, चारशे.

"ते कवाच फिटलं की. मग फिटलं म्हणून का न्हाई लिवलं?"

मी पप्पांकडे बघितलं. पुराच्या आधी दोन दिवस फिटलं होतं, वहीत नोंद करायची राहून गेली होती. पप्पांनी बॉलपेन काढलं, पण वरून व्हार्निश मारलेलं असल्यानं पेन उठेना. मग त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून बोटभर पट्टी केली, तिच्यावर 'फिटले' असं लिहून खाली सही केली. खळ संपली होती, आईनं गॅसवर चमचाभर कणकेची करून दिली. पट्टी जरा वाकडी बसली, एका कडेला फुगाही आला. त्या बाईनं बोटानं ती दाबून बसवली.

"आता बराबर," ती म्हणाली आणि पोतं काट्याकडे ओढायला लागली. साडेअकरा किलो पुठ्ठा, तीन किलो पेपर.